वैशाखातला आकडा

गेल्या वर्षी माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं यथासांग. मानपत्र वाचणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी मला 'वऱ्हाडातले आद्य मृदाभौतिक शास्त्रज्ञ' म्हटलं. बुलढाणा जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीत पाणी तासाला किती मुरतं हे मी पहिल्यांदा मोजलं, असं सांगून त्यांनी तो आकडाही वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून ध्वनिक्षेपकापाशी गेलो आणि म्हणालो की हा आकडा चूक आहे, तो पुस्तकांतून काढून टाका. सभागृह हसलं. मोठ्या माणसांचा विनय असाच असतो, असं अध्यक्ष म्हणाले. माझं टाळकं फिरलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा व्यासपीठावर चिडला की लोक त्याला खुर्चीत बसवून पाणी देतात. मलाही दिलं. मी नारळ घेऊन घरी आलो.

म्हणून हे लिहितो आहे. एक ओळही कापणार नाही असा शब्द या दिवाळी अंकाच्या संपादकांनी दिला आहे. त्यांनी तो पाळला तर त्यांचे उपकार, नाही पाळला तर पुढच्या दिवाळीला मी असेन-नसेन, पण त्यांना झोप लागणार नाही एवढं पाहीन.

तो आकडा माझाच आहे. मीच मोजला, मीच वहीत लिहिला, मीच खाली सही केली. मोजण्यात चूक नव्हती, वेळ चुकली होती. त्या चुकीचा भुर्दंड देऊळघाटच्या पार्वताबाईंना बसला, आणि त्यांचं नाव कुठल्याही मानपत्रात नाही.

आधी धंदा सांगतो. मातीची तपासणी म्हटलं की लोकांना बाटल्या आणि रंग आठवतात. ते रसायनवाल्यांचं काम. जमिनीत कस किती, चुना किती, खार किती, हे ते पाहतात. आमचं काम निराळं. माती पाणी किती वेगाने पिते, किती धरून ठेवते, कधी सोडते, ओली झाली की किती फुगते आणि वाळली की किती फाटते, हे आम्ही पाहायचं. हत्यारं साधी. एक लांब दांड्याचं गिरमिट होतं, ते जमिनीत फिरवून खोलवरची माती वर काढायची. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्या आणि एक नाजूक काटा होता. माती ओली असताना तोलायची, स्टोव्हवर ठेवलेल्या पेटीत पुरी वाळवायची आणि पुन्हा तोलायची. वजन जेवढं घटलं तेवढं तिच्यात पाणी होतं. शिवाय एक बिनबुडाचं मोठं पत्र्याचं कडं होतं. ते जमिनीत ठोकायचं, आत पाणी ओतायचं आणि किती वेळात किती पाणी उतरलं ते घड्याळ धरून लिहायचं.

त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कारभार नागपूरहून चाले, आणि आमच्या भागात हे काम करणारा मी एकटा. बुलढाण्याला एका जुन्या धान्यकोठारातली खोली म्हणजे माझी प्रयोगशाळा. लोक मला मातीमास्तर म्हणत. एवढं शिकून माती वाळवण्याचा पगार मिळतो का, असं माझ्या सासऱ्यांनी मुलगी देण्याआधी दोनदा विचारून घेतलं होतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. खामगावच्या एका बड्या जमीनदाराचं वावर दर पावसाळ्यात चिबडायचं, पाणी साचून पीक सडायचं. मी कळवलं, वावरातलं ढेकूळ जसंच्या तसं पाठवा. आली ती चांदीच्या वाटीत, वस्त्रगाळ केलेली, वर हळदकुंकू वाहिलेली माती. गाळून तिचं पीठ झालेलं, म्हणजे माझ्या कामाची उरली नव्हती. मी समक्ष जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं की ती अंगणातल्या तुळशीवृंदावनातली होती. सरकारदरबारी पाठवायची वस्तू, तिथे वावरातला चिखल कसा पाठवायचा, असं त्यांचं म्हणणं. मी महिनाभर ती गोष्ट सांगून लोकांना हसवत होतो. पुढे सरकारनेही नेमकं तेच केलं, तेव्हा हसू आलं नाही.

मी स्वतः खामगावचा. वडील जिनात कारकून होते. मी कापूस पाहिला तो गाठी बांधलेला, वावरात पाय ठेवला तो पदवी घेतल्यावर. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातून झाली.

देऊळघाटला पैनगंगेकडे उतरत जाणारं पार्वताबाईंचं बारा एकर वावर होतं. नवरा गेल्यापासून पंधरा वर्षं त्या ते स्वतः कसत होत्या. पन्नाशीच्या, उंच, बोलणं तोडून. खालच्या अंगाला त्यांच्या धाकट्या दिराचं वावर. पार्वताबाई पेरणी उताराला आडवी करत, आणि मधल्या सखल पट्ट्यात काहीच न पेरता गवत राखत. पावसाचं जादा पाणी त्या गवतातून सावकाश नदीकडे जाई. एवढी चांगली जमीन गवताला कशाला घालवता, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. पान्याले बी जायाले वाट लागते, एवढंच त्या म्हणाल्या.

मी गेलो तो वैशाखात. कडं ठोकलं. त्यांच्या विहिरीला त्या दिवसांत तळाशीच पाणी असे, तरी त्यांनी मला घागरीमागून घागर दिली. ओतलेलं पाणी बघता बघता नाहीसं होत होतं. मी खुशीत येऊन लिहीत होतो. पार्वताबाई कमरेवर हात ठेवून बाभळीखाली उभ्या होत्या.

"मास्तर, आता कायले मोजून राह्यले?" त्या म्हणाल्या. "आता तं ते तहानली हाय. देसान तेवढं पिईन. आषाढात या."

मी हसलो. कडं तेच, घड्याळ तेच, जमीन तीच, मग महिना बदलून काय होणार, हे मी त्यांना शाळामास्तराच्या थाटात समजावून दिलं. त्यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे कित्येकदा वाटलं. पण ज्याला ऐकायचं नाही त्याच्यासाठी तोंड शिणवण्याची त्यांना सवय नव्हती.

काळ्या मातीची गंमत अशी की ती एक नाही, दोन आहेत. उन्हाळ्यात ती फाटते. भेगांत कोपरापर्यंत हात जातो. वरून वखर फिरवून भेगा बुजवल्या तरी खाली त्या तशाच असतात, आणि ओतलेलं पाणी त्या पोकळीत जातं. पाऊस लागला की हीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग ती तेलाच्या बुधल्यासारखी बंद होते. हे आज पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. मला ते कोणी शिकवलं नव्हतं. पार्वताबाईंनी सांगितलं, तर मी हसलो.

आकडा नागपूरला गेला. तिथल्या साहेबांना तो इतका आवडला की ते त्याच वैशाखात स्वतः आले. साहेब गोरे होते का, असं मला नेहमी विचारतात. आपलेच होते, शुद्ध मराठी बोलत, आणि वागायलाही वाईट नव्हते. त्यांनी दक्षिणेकडच्या मुरमाड जमिनीत उताराला आडवे बांध घालून पाणी जिरवलं होतं, आणि तिथे ते काम खरंच नामी झालं होतं. तेच त्यांना वऱ्हाडात करायचं होतं. खिशातलं घड्याळ काढून त्यांनी माझ्या कड्यातलं पाणी नाहीसं होताना पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. एवढ्या झपाट्याने जिरतं तर बांधामागे अडलेलं पाणी दिवसात जिरेल, असा त्यांनी हिशोब केला. नमुन्याचा पहिला बांध पार्वताबाईंच्याच वावरात घालायचा आणि ती गवताची वाट बंद करायची, असं उभ्या उभ्याच ठरलं. ज्यांचं वावर त्यांना कोणी विचारलं नाही. मी शेजारीच होतो, मीही विचारलं नाही.

पण आषाढात या, हे शब्द मला टोचत राहिले. त्यांना खोटं ठरवायला म्हणून मी आषाढात गेलो. सडकेपर्यंत टांगा आला, पुढे टांगेवाल्याने कानावर हात ठेवले. कडं डोक्यावर घेऊन मी वावरात शिरलो. प्रत्येक पावलाला पाच-पाच शेर माती लागत होती. अर्ध्या वाटेवर एक जोडा मातीनेच ठेवून घेतला. दुसरा मी हातात घेतला आणि अनवाणी पोचलो.

कडं ठोकलं, पाणी ओतलं, घड्याळ धरलं. दुपार झाली. पाणी जागचं हललं नाही. पार्वताबाईंनी भाकर आणि ठेचा आणून दिला, तो मी पाण्याकडे बघत खाल्ला. वाऱ्याने बाभळीचं एक पान कड्यात पडलं होतं. सकाळी ते पत्र्यावरच्या ज्या खुणेशी तरंगत होतं, दिवस मावळताना तिथेच होतं.

मी मान वर केली तेव्हा त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"सायेब लोक पावसायात येत नाईत," त्या म्हणाल्या. "गाडी फसते ना त्यायची. म्हनून तुमच्या कागदात आमची माती नेहमी कोल्डीच असते."

त्यांचं खरं होतं. अख्ख्या खात्याचे दौरे दिवाळीनंतर निघत आणि मृगाआधी संपत. पावसाळ्यात काळ्या जमिनीतून बैलगाडीही निघत नाही, मग मोटार कुठली? म्हणजे काळ्या मातीबद्दल जेवढे कागद झाले ते सगळे तिला ओली न पाहिलेल्या माणसांनी केले. चार महिने ती ज्या रूपात पीक वाढवते त्या रूपाची सरकारी दप्तरात नोंदच नाही. खामगावच्या जमीनदाराने निदान हळदकुंकू तरी वाहिलं होतं.

तो पूर्ण पावसाळा मी देऊळघाटला खेटे घातले. आमच्याकडे वापसा म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पावसानंतर माती अशा एका ओलीवर येते की तिच्यात औत घातलं तर ती चिकटत नाही आणि तिची ढेकळंही होत नाहीत. काळ्या जमिनीत ही वेळ दीड-दोन दिवसांची. ती साधली तर पीक, हुकली तर फजिती. मला त्या ओलीचं माप हवं होतं. पार्वताबाई वावरात चार पावलं टाकून टाच दाबत, पाय उचलून टाचेला काय लागलं ते पाहत आणि सांगत, उद्या दुपारी. मी डबी भरून नेई, वाळवी, तोलून पाही. माझं उत्तर येईस्तोवर त्यांचा डवरा, म्हणजे कोळपं, फिरून झालेला असे. दोन्ही उत्तरं मी वहीत शेजारी शेजारी मांडली. सबंध हंगामात ती एकदाच जुळली नाहीत, आणि त्या वेळी माझ्याच डबीचं झाकण सैल निघालं. या कामावर लिहिलेल्या पहिल्या लेखात मी त्यांचं नाव घातलं होतं. छापताना ते काढून 'स्थानिक अनुभव' असे दोन शब्द टाकले गेले. मी भांडलो नाही. पुढे मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध झालो, पण जिथे भांडायचं होतं तिथे गप्प बसलो होतो.

आषाढातले आकडे मी नागपूरला पाठवले आणि स्पष्ट लिहिलं की इथे बांध घालू नये, गवताची वाट बुजवू नये. उत्तर आलं: पाणी उतरलं नाही त्याअर्थी उपकरण सदोष असावं; पहिला आकडा मंजूर झालेला आहे. मंजूर! जणू आकडा म्हणजे माझी किरकोळ रजा होती.

हिवाळ्यात पीक निघाल्यावर बांध पडला. त्याच काळ्या मातीचा, पुरुषभर रुंद, दिसायला देखणा. गवताच्या वाटेवर मातीची भर घालून ती दाबून टाकली. उन्हाळ्यात वावर फाटलं तसा बांधही फाटला, कारण माती तीच. मी बांधाच्या भेगेत हात घालून पाहिला आणि दुसरं पत्र लिहिलं. त्याला उत्तरच आलं नाही.

पुढच्या आषाढात झड लागली. बांधामागे चार दिवस पाणी तुंबलं, नुकती वर आलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडली. मी वही घेऊन तिथे होतो. पाचव्या दिवशी भरदुपारी बांधातल्या एका जुन्या भेगेतून पाणी वाहू लागलं आणि बघता बघता बांध मधोमध बसला. सगळं तुंबलेलं पाणी एकदम खालच्या वावरात गेलं. दिराची पेरणी तर गेलीच, वरची चार बोटं चांगली माती नदीत गेली. दीर हातात मुंडासं घेऊन वावराच्या कडेला धुऱ्यावर उभा होता. पार्वताबाई त्याच्याकडे गेल्या तर तो पाठ फिरवून निघून गेला. वर्षभर तो त्यांच्याशी बोलला नाही. सरकारने घातलेल्या बांधापायी एका घराचं बोलणं तुटलं.

चौकशी झाली. कधी? जमीन वाळल्यावर. चौकशीवाल्यांनी बांध पाहिला तो भेगाळलेला, आणि निष्कर्ष काढला की शेतकरणीने भेगा वेळच्या वेळी बुजवल्या नाहीत म्हणून बांध फुटला. तिने आपल्या मेहनतीने बांध पुन्हा उभारावा आणि दिराचं नुकसान भरून द्यावं. मसुद्यात जमिनीचं वर्णन होतं ते माझ्या पहिल्या आकड्यासह: पाणी उत्तम जिरवणारी.

साहेबांनी मला नागपूरला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, चहा पाजला. म्हणाले, तज्ज्ञ म्हणून तुम्ही सही करा. प्रयोगशाळा बंद करण्याचं वर चाललं आहे. सही असली तर मला ती वाचवता येईल, मग तुम्ही हवे तेवढे पावसाळे मोजत बसा. माझ्या घरात कोणी उपाशी नव्हतं, साहेबांनी धमकीही दिली नव्हती. प्रयोगशाळा राहिली तर पुढे खरा आकडा सिद्ध करता येईल, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःची समजूत घालायला फार शिक्षण लागतं, तेवढं माझ्याकडे होतं. मी सही केली. मग त्यांनी कागद माझ्याच हाती दिला. बाईला वाचून दाखवा आणि तिचा अंगठा घेऊन या.

ज्येष्ठ लागला होता. पार्वताबाई ओसरीत बसून पेरणीची सरकी शेणात घोळत होत्या. मी समोर बसलो आणि अक्षर न् अक्षर मराठीत सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात चालूच होते. मी थांबल्यावर त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि कागद जवळ ओढला.

"याच्यात माती कशी लिवली? कोल्डी का ओली?"

"कोरडी," मी म्हणालो.

"मंग हे माहं वावर नाई. माहं वावर चार मैने ओलं असते. ज्याचं बारा मैने कोल्डं असन, त्याचा आंगठा घ्या."

त्यांनी कागद माझ्याकडे सारला. सारताना खालची शाई दिसली.

"हे कोनाचं?"

मी म्हणालो, माझी सही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा शेणात हात घातले. चहा विचारला नाही. पुढे कित्येक वर्षं मी त्या गावी जात राहिलो, त्या मला नेहमी नीट वागवत, पण टाच दाबून उद्या दुपारी असं त्यांनी मला परत कधी सांगितलं नाही.

अंगठ्याशिवाय प्रकरण पुढे सरकेना, आणि हळूहळू बासनात गेलं. उरलेला बांध पार्वताबाईंनी दरवर्षी वखराखाली थोडा थोडा आणून चार वर्षांत सपाट केला. सखल पट्ट्यात गवत परत आलं. दीर त्याआधीच बोलू लागला होता. खात्याला यातलं काही कळलं नाही, कारण पावसाळ्यात तिकडे कोणी गेलंच नाही. माझी प्रयोगशाळा टिकली. तिच्या जोरावर मी मोठा झालो, आणि माझ्याबरोबर तो वैशाखातला आकडाही मोठा होत पुस्तकांत जाऊन बसला. त्याच्या विरोधात मी तीन लेख लिहिले. लोक ते वाचतात आणि खाली संदर्भ म्हणून पहिलाच आकडा देतात.

तो आकडा मी इथे मुद्दाम दिलेला नाही. दिला तर कोणीतरी उतरवून घेईल. आषाढातले आकडे माझ्या वहीत आहेत. ज्याला हवे असतील त्याने देऊळघाटला जावं, झड लागलेली असताना जावं आणि जोडे सडकेवर काढून ठेवावेत.

चौकशीच्या त्या कागदाची नक्कल मी आजवर जपली आहे. सत्काराहून परत आलो त्या दिवशी ती काढून मानपत्राशेजारी ठेवली. अंगठ्याची जागा अजून कोरी आहे. सही माझी आहे.